मंत्रशब्द, अद्भुतकथेतील

अद्भुतकथेत केवळ उच्चाराने वस्तुस्थितीत पालट घडवून आणणारा शब्द वा शब्दसमूह. व्यवहारात शब्द वस्तूचा निर्देश करतो. अशा कथेत तो वस्तूवर सत्ता चालवितो. याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे धुंडिसुत मालू याचा *श्रीनवनाथ भक्तिसार* (शके १७४१, इ. स. १८१९) हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ. त्यातील नाथांपैकी कानिफनाथांची समाधी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात मढी येथे आहे. भाविक या ग्रंथाचे पारायण करतात.

ग्रंथातील शाबरी विद्येचे सामर्थ्य काही नियमांनी बांधलेले दिसते. पहिला नियम अधिकाराचा : मच्छिंद्रनाथ आधी देवतांचे वर मिळवितात, मगच त्यांचे मंत्र फळतात. दुसरा उच्चाराचा : बाल गोरक्ष संजीवनी मंत्र घोकीत असता सवंगड्यांसाठी चिखलाचा पुतळा करतो आणि हेतू नसतानाही तो सजीव होतो, तेच गहिनीनाथ. तिसरा प्रतिकाराचा : एका अस्त्रावर दुसरे अस्त्र असते. असे नियम नसते, तर प्रत्येक संकट एका शब्दाने संपून कथेत संघर्षच उरला नसता. अलीबाबाच्या गोष्टीत कासिम गुहेचा परवलीचा शब्द विसरतो व प्राणास मुकतो. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन यांच्या *अ विझर्ड ऑफ अर्थसी* (१९६८) या कादंबरीत वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्यालाच तिच्यावर सत्ता मिळते.

परंपरेनुसार गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे व निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे गुरू. याच जिल्ह्यातील नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या *ज्ञानेश्वरी*त (शके १२१२, इ. स. १२९०) शब्दाचे सामर्थ्य चमत्कारात नसून अर्थ उलगडण्यात आहे. एकाच परंपरेशी निगडित अशा या दोन ग्रंथांत शब्दशक्तीची दोन भिन्न रूपे आढळतात.

मंत्रशब्दाची सत्ता कथाविश्वापुरतीच असते. सर्पदंशात विषाचा मज्जासंस्थेवर वा रक्तावर होणारा परिणाम कोणत्याही उच्चाराने थांबत नाही. त्यासाठी वेळीच प्रतिविष द्यावे लागते. पुष्कळ साप बिनविषारी असतात व विषारी सापाच्या प्रत्येक दंशात विष शरीरात जातेच असे नाही. त्यामुळे आपोआप वाचलेल्या रोग्याचे श्रेय मांत्रिकास मिळते आणि पुढच्या रोग्यास दवाखान्यात नेण्यास विलंब होतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे.