जुन्या गाडीला दुसरं इंजिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारा-पंधरा वर्षं घरात वावरलेली गाडी निळा धूर सोडू लागते, दर महिन्याला ऑइल मागते, घाटात दम टाकते. मग गॅरेजमधून निरोप येतो, ‘इंजिन गेलं.’ त्यानंतर चार दिवसांत घाईघाईनं जो निर्णय होतो, त्यात मध्यमवर्गीय घराची बरीच शिल्लक खर्ची पडते. हाफ इंजिनचं काम करावं, फुल इंजिन उघडावं, जुन्या बाजारातलं इंजिन आणावं की कंपनीचा नवा ब्लॉक मागवावा? पर्याय खरे आहेत, पण त्यांच्याभोवती ऐकीव गोष्टी फार आहेत. त्यातल्या नेहमीच्या काही इथे तपासून पाहू.

गैरसमज : धूर आला, ऑइल कमी झालं, म्हणजे इंजिन बदलायलाच हवं.

वस्तुस्थिती : धूर कधी येतो आणि कसा येतो, ते आधी पाहायला हवं. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर थोडा निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात. डिझेल गाडीत टर्बोचं सील गेलं तरी ऑइल जळतं. पांढरा धूर थांबतच नाही आणि कूलंटही कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. ही तिन्ही कामं इंजिन बदलण्यापेक्षा बरीच स्वस्त आहेत.

निकाल लावायचा तो कॉम्प्रेशन टेस्टनं. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात आणि सेल्फ मारून दाब मोजतात. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येतो, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. जागचा हलला नाही, तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. ऑइलचं झाकण उघडून ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय का, म्हणजे तिथून वायू बाहेर येतोय का, हे पाहण्याची गॅरेजमध्ये पद्धत आहे, पण त्यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. आकडे कागदावर मागा. तेवढ्या तपासणीचा खर्च वाचवून मोठ्या खर्चाला हो म्हणू नका.

गैरसमज : एकदा उघडलेलं इंजिन पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

वस्तुस्थिती : नीट केलेलं ओव्हरहॉल वर्षानुवर्षं टिकतं. झीज किती आहे आणि मशीन शॉप किती काटेकोर आहे, यावर ते ठरतं. वरची रिंग जिथपर्यंत जाऊन परत फिरते, त्या पट्ट्यात बोअर सर्वांत जास्त झिजतो. तिथलं माप आणि खालचं माप यांतला फरक डायल गेजनं मोजला, की रिंगांवर भागेल की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागतील, ते कळतं. असे पिस्टन बऱ्याच जुन्या इंजिनांसाठी 0.25 आणि 0.50 मिलिमीटर वाढीव मापात मिळतात. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असेल, तर मात्र दुसरं इंजिन शोधणंच शहाणपणाचं.

ओव्हरहॉलचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. ब्लॉक आपलाच राहतो, त्यामुळे इंजिन नंबर बदलत नाही आणि कागदपत्रांचा प्रश्न येत नाही.

गैरसमज : कमी किलोमीटर चाललेलं इंजिन घेतलं की झालं.

वस्तुस्थिती : किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर असतो. गाडीतून उतरवून दुकानात ठेवलेल्या इंजिनाला तो चिकटलेला नसतो. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात किंवा इतर कुठेही ‘फक्त चाळीस हजार चाललंय’ असं ऐकलं, तर ते विकणाऱ्याचं बोलणं आहे, एवढंच समजा.

विश्वास इंजिनावर ठेवा, तेही तपासून. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवा. काळा, घट्ट चिखल लागला तर त्या इंजिनाचं ऑइल वेळेवर बदललेलं नाही. दुधाळ साय दिसली तर आत पाणी गेल्याची शक्यता आहे. पुरातून आलेली गाडी असू शकते. कूलंटच्या पाइपांची तोंडं पाहा, तिथे गंज साठलेला असेल तर कुणीतरी कूलंटऐवजी साधं पाणी भरत आलंय. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. ते कुठेही अडता कामा नये. शक्य असेल तर बाकावर चालवून दाखवायला सांगा.

गैरसमज : सीसी सारखा, म्हणजे इंजिन बसणारच.

वस्तुस्थिती : याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या रस्त्यांवरच आहे. फियाटचं 1248 सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन भारतात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आलं. मारुतीनं त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटानं क्वाड्राजेट, फियाटनं मल्टीजेट. मूळ ब्लॉक एकच, म्हणून ‘कुठलंही आणा, बसतं’ असं सर्रास सांगितलं जातं. पण त्याचे 75 आणि 90 पीएस असे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे टर्बो वेगळे आहेत. गाडीगणिक माउंटिंग, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) बदलतं. ईसीयू चावीच्या इमोबिलायझरशी जोडलेलं असेल, तर इंजिन बसूनही गाडी स्टार्ट होत नाही. जुन्या इंजिनाचे सेन्सर, इंजेक्टर आणि वायरिंग यांतलं काय वापरायचं, ते काम सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं.

एकाच मॉडेलमध्येही ही अडचण येते. एप्रिल 2010 मध्ये मुंबई, पुण्यासह मोठ्या शहरांत बीएस-4 हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. त्यामुळे 2009 आणि 2011 ची एकाच नावाची गाडी आतून वेगळी असू शकते. इंजिनाचा कोड, उत्पादनाचं वर्ष आणि बीएसचा टप्पा, तिन्ही जुळायला हवीत.

गैरसमज : थोडं मोठं इंजिन टाकलं की गाडी मस्त पळेल.

वस्तुस्थिती : ब्रेक, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि रेडिएटर हे सगळं मूळ इंजिनाच्या ताकदीला धरून बनवलेलं असतं. ताकद वाढली आणि ब्रेक तेच राहिले, तर घाट उतरताना जिवाशी गाठ असते. कायदाही आडवा येतो. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, असं मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 सांगतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं.

गैरसमज : इंजिन बदललं, ते आरटीओला कशाला सांगायचं?

वस्तुस्थिती : इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की दोन्ही जुळत नाहीत. कलम 52 नुसार असा बदल 14 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसीत नोंदवावा लागतो. आधीच आरटीओत जाऊन कुठले कागद लागतील ते विचारून घेतलेलं सर्वांत चांगलं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या, कारण अपघातानंतर सर्व्हेअर नंबर पडताळतो.

याहून गंभीर बाब म्हणजे इंजिन कुठून आलं. ज्या ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसतो, तो चोरीच्या गाडीचा असू शकतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि ‘माहीत नव्हतं’ हे सिद्ध करताना पक्कं बिलच कामी येतं.

गैरसमज : इंजिन नवं, म्हणजे गाडीचं वय पुन्हा शून्यापासून.

वस्तुस्थिती : गाडीचं वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं. इंजिन बदलून यातलं काहीच टळत नाही. म्हणून इंजिनावर पैसे घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. खाऱ्या हवेत वाढलेल्या कोकण-गोव्यातल्या गाड्यांचा तळ अनेकदा इंजिनाआधी जातो. पत्रा आणि चॅसिस गंजले असतील, तर चांगलं इंजिन घालून उपयोग नाही.

गैरसमज : इंजिन बसलं की काम संपलं.

वस्तुस्थिती : जुनं इंजिन का गेलं, हे शोधलं नसेल तर दुसरंही त्याच वाटेनं जातं. चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला पंखा, यांपैकी काहीही तसंच राहिलं तर नवं इंजिनही तापणारच. इंजिन खाली असतानाच क्लच प्लेट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि माउंटिंग तपासून घ्या. तेव्हा वेगळी मजुरी फारशी पडत नाही. नंतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

थोडक्यात, आधी निदान, मग कोड जुळवणं, मग नंबर आणि कागद, आणि सगळ्यात शेवटी किंमत. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो आणि तिथेच लोक फसतात. चांगला मिस्त्री कॉम्प्रेशनचे आकडे दाखवायला कधी कुरकुरत नाही. चांगला दुकानदार इंजिन नंबर आणि वॉरंटीची मुदत बिलावर लिहून देतो. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याचं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.