थांबायचं नाही, असं ठरलं होतं

चिकटपट्टीचे तीन रंग होते. लाल दादाचा, पिवळा वहिनीचा, निळा भाचीचा. पहाटे चार वाजता भाड्याच्या घरातल्या ओट्यावर मी बाटल्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर रंगाची पट्टी चिकटवली. शेजारी उकडलेल्या बटाट्यांच्या फोडी, मीठ, जिरेपूड, शेंगदाण्याची चिक्की. आदल्या रात्री उघड्या पातेल्यात लावलेला भात कच्चाच राहिला होता. इतक्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळू लागतं. बटाटे कुकरमध्ये केले म्हणून शिजले.

हे गाव लेडव्हिल, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांश. इथे दर ऑगस्टमध्ये शंभर मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची माउंटन बाइक शर्यत होते आणि ती बारा तासांच्या आत संपवणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं. हे खाणकामगारांचं गाव. आधी चांदी, मग जवळच्या क्लायमॅक्स खाणीतलं मॉलिब्डेनम. १९८२ मध्ये ती खाण बंद पडली आणि गावाची रोजीरोटी गेली. त्याच खाणीत काम करणाऱ्या केन क्लोबर यांनी माणसं गावात यावीत, राहावीत म्हणून १९८३ मध्ये शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. सायकलींची १९९४ मध्ये आली. आज या शर्यतीत उतरायचं तर सोडतीत नाव निघावं लागतं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या पात्रता शर्यतीतून जागा मिळवावी लागते.

दादा साताऱ्यात शाळेत असताना बिनगिअरच्या सायकलवर यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचा. डेन्व्हरला येऊन त्याला वीस वर्षं झाली, पण चढ दिसला की त्याचे पाय अजून शिवशिवतात. वहिनीने सायकल हाती घेतली ती चाळिशीनंतर. भाची बावीस वर्षांची. तिघांनी वर्षभर शनिवार-रविवार डोंगरात घातले आणि एक नियम केला: शर्यतीत कुणी कुणासाठी थांबायचं नाही. मला तो ऐकताना कठोर वाटला. दादा म्हणाला, "एक थांबला की तिघांचीही वेळ जाते. थांबायचं काम तुझं."

म्हणून मी थांबले. साडेसहाला बंदुकीचा बार झाला आणि कडाक्याच्या थंडीत सायकलींचा लोंढा डांबरी रस्त्यावरून सेंट केव्हिन्सच्या चढाकडे निघाला. मी गाडी घेऊन चाळिसाव्या मैलावरच्या ट्विन लेक्सला गेले. तलावाच्या बांधाजवळ क्रूची टेबलं आणि तंबू दुतर्फा लागले होते. क्रू म्हणजे घरची माणसं. कुणाची आई, कुणाचा नवरा, पाठीवर झोपलेलं बाळ घेऊन उभी असलेली कुणाची बहीण.

क्रूचं काम मिनिटाभराचं असतं. सायकल धरायची. रिकाम्या बाटल्या काढून भरलेल्या लावायच्या. खिशात खाणं कोंबायचं. साखळीवरची धूळ फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडायचे. इथली माती पिठासारखी बारीक आहे. ती साखळीत बसली की साखळी कोरडी पडते, करकरते आणि गिअर अडखळतो. पण खरं काम असतं परत आलेल्या बाटल्या वाचण्याचं. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं आणि एक बाटलीभर पाणी पोटात गेलं, तर सायकलस्वार दिवसभर टिकतो. तोंडाने तो काहीही म्हणो, बाटली खोटं बोलत नाही.

दादा सर्वांत आधी आला, दहाला दहा कमी असताना. डोळे चमकत होते. "मस्त चाललंय," म्हणाला. मी लाल पट्टीची बाटली काढली, तर ती हाताला जड लागली. जवळजवळ भरलेली होती. मला ते कळलं, पण त्याचा उत्साह बघून मी बोलले नाही. ती चूक माझी. पाच मिनिटांनी भाची आली, तिच्या बाटल्या कोरड्या. पुढे सव्वादहाच्या सुमारास वहिनी आली, तिच्याही कोरड्या. "किती पुढे आहेत दोघं?" एवढंच तिने विचारलं. मी वेळा सांगितल्या. दादाची वेळ ऐकून तिच्या कपाळावर आठी उमटली. "फार जोरात निघालाय हा," म्हणाली आणि गेली.

ट्विन लेक्सच्या पुढे कोलंबाइनचा चढ आहे. तीन हजार फुटांहून जास्त, एका दमात, साडेबारा हजार फुटांच्या आसपास नेणारा. झाडांची हद्द संपली की वाट दगडगोट्यांची होते आणि चांगले चांगले लोक उतरून सायकल ढकलू लागतात. माथ्याला वळसा घालून त्याच वाटेने परत यायचं असतं. त्यामुळे पुढचे उतरत असतात तेव्हा मागचे चढत असतात आणि घरची माणसं डोंगरावर समोरासमोर येतात.

तिथे काय झालं ते मला तिघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. आधी भाचीने दादाला गाठलं आणि ती पुढे गेली. झाडीच्या हद्दीजवळ वहिनीनेही गाठलं. तो सायकल ढकलत होता, ओठ पांढरे पडले होते. तिने वेग कमी केला. त्याने हातानेच खूण केली, पुढे जा. ती गेली. "आयुष्यात इतकं जड पॅडल मारलं नव्हतं," ती नंतर म्हणाली. मग माथ्यावरून भाची उतरत आली. तिला लांबून बघताच दादाने पाठ ताठ केली आणि अंगठा वर केला. ती वळणाआड गेल्यावर तो रस्त्याकडेला बसला आणि त्याला उलटी झाली. डोकं गरगरत असताना आणखी वर जायचं आणि मग तो दगडांचा उतार उतरायचा, यात धोका आहे हे त्याला कळत होतं. तो तिथूनच माघारी फिरला.

पाऊणच्या सुमारास भाची टेबलाशी आली. "बाबा चालत होते. पण ठीक दिसले. थांबू का गं आत्या?" मी डोंगराकडे बघितलं. मग तिच्या हातात बाटली दिली. "जा. मी आहे."

दहा मिनिटांनी दादा आला. गुडघ्याएवढ्या गवतातून चालत, सायकल हातात धरून. मी खुर्ची पुढे केली, मिठाचं पाणी दिलं. तो दोन घोट प्यायला. मग त्याने आपल्या सायकलवरचा नंबर काढून घडी करून खिशात ठेवला, उठला आणि विचारलं, "फडकं कुठाय?"

दीडच्या आत वहिनी आली. टेबलापाशी दादाला बघून ती थबकली. तिने काही विचारायच्या आत त्याने तिची सायकल धरली होती. "तू खा," म्हणाला. ती उभ्याउभ्या बटाटे खात होती आणि तो वाकून साखळीचा एकेक दुवा पुसत होता. तेल लावलं, पॅडल उलटं फिरवलं, जास्तीचं तेल पुन्हा पुसलं. टायर अंगठ्याने दाबून बघितला. बाटल्या लावल्या. मी एवढं सगळं एका मिनिटात कधीच केलं नसतं. "पॉवरलाइनला चालत गेलीस तरी चालेल, पण पीत राहा," तो म्हणाला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पॅडलवर पाय ठेवला आणि निघाली.

ऐंशीव्या मैलाच्या आसपासचा पॉवरलाइन हा विजेच्या तारांखालून जाणारा चढ. पाय संपल्यावर समोर येणारी भिंतच ती. तिथे बहुतेक जण चालतात.

भाची दहा तास अडतीस मिनिटांत आली. लाल गालिच्यावरून आली ती थेट दादाच्या गळ्यात पडली. "तुम्ही खोटा अंगठा दाखवलात," म्हणून रडली. मग आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. अकरा तास झाले. साडेअकरा झाले. दादा घड्याळ बघत नव्हता, सिक्स्थ स्ट्रीटचा तो चढ संपतो तिकडे बघत होता. अकरा तास बावन्न मिनिटांनी पिवळी जर्सी त्या चढावर दिसली.

वहिनीच्या हातात बक्कल आलं तेव्हा ते तिने नीट पाहिलंही नाही. धुळीने राखाडी झालेला चेहरा दादाकडे वळवून ती म्हणाली, "पॉवरलाइनला सगळ्यांच्या साखळ्या करकरत होत्या रे. माझी शेवटपर्यंत एकदाही वाजली नाही."