महावीराचार्यांचा अंकहार

व्यापाऱ्याचे सारे आयुष्य अंकांच्या सहवासात जाते. परंतु अंकांना स्वतःचे सौंदर्य व स्वतःची शिस्तही असते, याचा आपणांस विसर पडतो. म्हणून बेगम बाजारातील आपल्या व्यापारी बंधूंपुढे आम्ही आज एकच संख्या मांडीत आहोत : १२३४५६५४३२१, म्हणजेच बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चौपन्न हजार तीनशे एकवीस.

इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्य हे थोर जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड; पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातीलच हे गाव. आचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' ग्रंथात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचे उदाहरण आहे. उत्तर येते ते वरील संख्येचे! एकापासून सहापर्यंत चढावे आणि त्याच पायऱ्यांनी उतरावे, अशी ही अंकांची माळ आहे.

यात जादू नाही. ही संख्या सहा एककांच्या ११११११ ची वर्गसंख्या होय. ११११११ ला त्याच संख्येने गुणताना सहा ओळी मांडाव्या लागतात व प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उभ्या रकान्यांत प्रथम एक, मग दोन, असे वाढत सहा एकक येतात व पुन्हा घटतात. हातचा कोठेच येत नाही. नऊ एककांपर्यंत ही माळ अखंड राहते. दहाव्यास मधल्या रकान्याची बेरीज दहा होऊन हातचा येतो व माळ तुटते. विसाव्या शतकात देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनीही अशा संख्यांचा अभ्यास करून त्यांस 'डेम्लो' हे नाव दिले.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून तिला नऊने भाग जातो. परंतु शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. नवाच्या ताळ्यास ती चूक दिसत नाही. अकराचा ताळा मात्र ती पकडतो. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक व उणे धरावेत. येथे उत्तर शून्य येते, म्हणून अकराने भाग जातो. शेजारचे दोन भिन्न अंक उलटले, तर हा मेळ मोडतो.

हार उलटा वाचला तरी तोच राहतो. खातेवहीतील रक्कम तशी नसते. ५६३० रुपयांच्या जागी ५३६० लिहिले गेले, तर २७० चा फरक पडतो. रोकड जुळत नसेल व फरकास नऊने पूर्ण भाग जात असेल, तर प्रथम उलटलेल्या अंकांचा शोध घ्यावा. हिशेब आता यंत्र करीत असले, तरी त्यात आकडे घालणारा हात माणसाचाच असतो. आपल्या मुलांना ही दृष्टी द्यावी. पेढीची पत अखेर अचूक आकड्यावरच उभी असते.