आरोग्य केंद्राच्या कारभारात रुग्णाची जागा कोणती?

प्राथमिक आरोग्य केंद्रात गैरसोय झाली की सामान्य माणूस बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो निमूटपणे सोसतो, नाहीतर ओळखीच्या पंचाला किंवा आमदाराच्या कार्यालयाला फोन लावतो. तिसराही एक मार्ग शासनाच्या धोरणानेच खुला ठेवला आहे. तो म्हणजे समितीच्या माध्यमातून रुग्णांनी आणि ग्रामस्थांनी केंद्राच्या कारभारात रीतसर सहभागी होणे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून अशा समित्यांची तरतूद देशभर आहे. तरीही आपल्या भागातील समितीवर कोण आहे आणि तिने गेल्या वर्षी कशावर खर्च केला, हे सांगू शकणारे नागरिक थोडेच सापडतात.

याचा परिणाम केवळ गावापुरता राहत नाही. जवळच्या केंद्रावरचा विश्वास उडाला की साधा ताप, रक्तदाब, मधुमेह यांसाठीही लोक थेट बांबोळीची वाट धरतात. गोमेकॉ इस्पितळावर राज्यातील रुग्णांचा भार आहेच. शिवाय सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्णही तेथे येतात. गावपातळीवरची सेवा जितकी विश्वासार्ह, तितका वरच्या इस्पितळावरील ताण कमी, हे सूत्र सर्वमान्य आहे. विश्वास वाढवायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

रुग्णाला काय ठाऊक असते

आरोग्यसेवेतील सहभाग म्हणजे औषध कोणते द्यावे हे रुग्णाने डॉक्टरांना सांगणे नव्हे. निदान आणि उपचार हे वैद्यकाचे क्षेत्र आहे. मात्र डॉक्टरांच्या खोलीबाहेर जे घडते, त्याची माहिती रुग्णालाच अधिक असते. तपासणीची वेळ आणि गावातली बस यांचा मेळ बसतो का, महिनाभराच्या गोळ्यांऐवजी पंधरा दिवसांच्याच मिळाल्याने किती जणांची रोजंदारी बुडते, गरोदर स्त्रियांना बसायला बाक आहे का, शौचालयाला कडी आणि पाणी आहे का, या बाबी कोणत्याही मासिक अहवालाच्या रकान्यात बसत नाहीत. उपचार अर्धवट सुटण्याची कारणे मात्र अनेकदा याच ठिकाणी दडलेली असतात.

सत्तरी तालुक्याने याचे वेगळे उदाहरण अनुभवले आहे. २०१५ मध्ये या भागात माकडतापाचा उद्रेक झाला. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या या रोगाची पहिली खूण बहुधा इस्पितळात दिसत नाही. ती रानात मरून पडलेल्या माकडांच्या रूपाने दिसते. काजूच्या हंगामात बागायतीत वावरणाऱ्या माणसाने ती वेळीच आरोग्य केंद्राला कळवली, तर पुढची सारी उपाययोजना लवकर सुरू होऊ शकते. येथे ग्रामस्थ हा केवळ सेवेचा लाभार्थी राहत नाही, तो रोगनियंत्रणाच्या यंत्रणेचा भाग ठरतो.

कल्पना नवी नाही

प्राथमिक आरोग्यसेवेविषयीची जागतिक परिषद १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे भरली होती. आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे तिच्या जाहीरनाम्यात मांडले गेले. त्याआधीच, १९७२ मध्ये, इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात बेरिन्सफील्ड या गावी डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी आपल्या दवाखान्याच्या रुग्णांचा एक गट स्थापन केला होता. कारभारात काय खटकते आणि काय बदलावे, यावर हा गट डॉक्टरांशी बोलत असे. ही पद्धत हळूहळू पसरली आणि एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेशी करार असलेल्या प्रत्येक कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्याला असा रुग्णगट ठेवणे बंधनकारक झाले. वेळ ठरवण्याची पद्धत, दूरध्वनीवर ताटकळत राहणे, नव्या रुग्णांसाठी माहितीपत्रक असे साधे विषय हे गट हाताळतात.

इंदूरच्या इस्पितळातून निघालेली समिती

भारतातील या व्यवस्थेचे एक मूळ इंदुरात आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि मध्य भारतात घबराट पसरली. होळकर घराण्याचे नाव धारण करणाऱ्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात तेव्हा उंदरांचा सुळसुळाट झाला होता. प्रशासन आणि नागरिक यांनी मिळून रुग्णालय रिकामे केले, उंदरांचा बंदोबस्त करून इमारत स्वच्छ केली आणि दुरुस्ती हाती घेतली. ही स्वच्छता टिकवण्यासाठी नागरिकांचा सहभाग असलेली समिती नेमण्यात आली. रुग्णालयात जमणारे शुल्क सरकारी तिजोरीत न जाता तेथेच सुधारणांसाठी वापरण्याची मुभा तिला मिळाली. हीच रुग्ण कल्याण समिती. मध्य प्रदेशाने तिचा विस्तार केला आणि पुढे राष्ट्रीय अभियानाने ती देशभर नेली.

या प्रारूपाचे गुण आणि दोष दोन्ही लक्षात घ्यायला हवेत. तुटलेला नळ किंवा बंद पडलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी राजधानीतील मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, हा गुण. उत्पन्नासाठी शुल्कावर भिस्त ठेवली तर गरीब रुग्ण दारातूनच परततो, हा दोष. दुसरा दोष असा, की या समित्यांवर अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांचेच प्राबल्य राहते. नावात रुग्ण असला, तरी बैठकीत तो असतोच असे नाही.

महाराष्ट्रातील प्रगतिपुस्तक

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न महाराष्ट्रात झाला. केंद्राने २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले आणि पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे समन्वयाचे काम आले. पुढे आणखी जिल्हे त्यात जोडले गेले.

पद्धत सोपी होती. गावातील समितीचे सदस्य ठरावीक प्रश्नावली घेऊन लोकांशी बोलत. परिचारिका ठरल्या दिवशी येते का, लसीकरण होते का, केंद्रात औषधे मिळतात की बाहेरून आणायला सांगतात, कोणी पैसे मागते का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून सेवेचे प्रगतिपुस्तक तयार होई. समाधानकारक सेवेला हिरवा रंग, मध्यम सेवेला पिवळा आणि वाईट सेवेला लाल. हा तक्ता गावात लावला जाई, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या गावची स्थिती एका नजरेत कळे.

त्यानंतरचा टप्पा जनसुनवाईचा. प्रगतिपुस्तकातील लाल खुणा आणि रुग्णांचे अनुभव जाहीर सभेत मांडले जात आणि आरोग्य अधिकाऱ्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे. बाहेरून औषधे आणण्याच्या चिठ्ठ्या, बेकायदा पैशांची मागणी, मुख्यालयी न राहणारे कर्मचारी असे विषय तेथे निघत. पहिल्या पाच जिल्ह्यांत गावपातळीवरील सेवांपैकी सुमारे निम्म्या सेवांना पहिल्या फेरीत ‘चांगला’ शेरा मिळाला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या जवळ पोहोचले. हे मूल्यमापन लोकांनी स्वतः केलेले होते, याचे भान ठेवूनही हा बदल दखल घेण्याजोगा आहे.

या सभांमधून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या उणिवांचा दोष लोक डॉक्टरांना देत, त्यांतल्या कित्येकांचे मूळ वरच्या पातळीवर होते. औषधांचा पुरवठा जिल्ह्याकडून येतो आणि रिक्त पदे राज्य भरते. हे उघड झाले की रुग्ण आणि डॉक्टर एकाच बाजूने मागणी करू शकतात. दवाखान्यांतील वाद आणि डॉक्टरांवरील हल्ले यांच्या बातम्या वारंवार येत असताना ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सहभागाच्या मर्यादा

युगांडातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर चर्चा झाली. तेथील ५० ग्रामीण दवाखान्यांच्या परिसरातील या प्रयोगात, जेथे ग्रामस्थांपुढे दवाखान्याची कामगिरी मांडून कर्मचाऱ्यांसह सुधारणेचा आराखडा ठरवला गेला, तेथे वर्षभरात दवाखान्याचा वापर वाढला आणि पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पुढे त्याच देशात बऱ्याच मोठ्या प्रमाणावर झालेल्या अभ्यासात मात्र मृत्यूंवर असा परिणाम आढळला नाही. उपचारांचा दर्जा आणि रुग्णांचे समाधान यांत माफक सुधारणा दिसली. लोकसहभाग ही जादूची कांडी नाही, हे यातून ध्यानात येते. डॉक्टर, औषधे आणि पैसा यांची जागा तो घेऊ शकत नाही. उपलब्ध साधने कोठे वाया जातात आणि कोठे अडतात, हे दाखवणे एवढेच त्याचे काम. ते दाखवल्यावर दुरुस्तीचा अधिकार असलेला कोणी ऐकायला बसलेला नसेल, तर दोन बैठकांनंतर लोक येणे थांबवतात.

गोव्यात काय करता येईल

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत किमान पंधरा सदस्य असावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अध्यक्षपदी निवडून आलेला पंचायत सदस्य असावा आणि बैठक दरमहा व्हावी. स्थानिक गरजेनुसार वापरण्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे. रक्कम लहान असली, तरी ती कशावर खर्च झाली हे विचारण्याचा अधिकार मोठा आहे.

गोव्यापुढे एक खास अडचण आहे. इतर राज्यांत या समितीचा कणा आशा कार्यकर्ती असते; घरोघरच्या अडचणी तीच बैठकीत आणते. देशभर आशा योजना राबवली गेली, तेव्हा गोवा मात्र तिच्याबाहेर राहिला. त्यामुळे अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि स्वयंसाहाय्य गटांच्या महिला यांच्यावरच हा दुवा सांधण्याची जबाबदारी येते.

दुसऱ्या बाजूला गोव्याची एक जमेची बाजूही आहे. येथील रविवारच्या ग्रामसभा जागत्या आहेत. जमीन रूपांतर, कचरा, रस्ते, मोठे प्रकल्प यांवर त्या तासन्तास गाजतात. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आरोग्य केंद्राचा एक विषय कायम ठेवता येईल आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना निमंत्रण देता येईल. समितीवर कोण आहे, निधी किती आला आणि कशावर गेला, मागच्या सभेत मांडलेल्या अडचणींचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न आरंभाला पुरेसे आहेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण उत्तर परत येते तेव्हाच पुढच्या वेळी विचारायला माणसे येतात.

समितीत कोणाला बसवायचे, हेही ठरवावे लागेल. नेहमी बोलणारे चार जण आले म्हणजे सर्वांचे म्हणणे आले असे होत नाही. दीर्घकालीन आजार असलेला रुग्ण, लहान मुलाची आई, अपंग व्यक्ती, बांधकामावर किंवा बागायतीत राबणारा परप्रांतीय मजूर यांना केंद्राची गरज सर्वाधिक असते आणि सभेला येण्याची सवड सर्वांत कमी. त्यांच्यासाठी बैठकीची वेळ बदलावी लागेल, कधी कन्नड किंवा हिंदी जाणणारा सोबती द्यावा लागेल. औषधांची उपलब्धता, डॉक्टरांच्या वेळा आणि समिती सदस्यांची नावे केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मराठी-कोकणीत लिहिली, तर सुरुवात तेथूनच होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही.