एवढ्यानं काय दुखतं?

ठेचा खाल्ला की आपण ‘जीभ पोळली’ म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीनंही ते बरोबरच आहे. वेदना टिपणाऱ्या मज्जापेशींच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. त्यातलं टीआरपीव्ही-१ हे दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही उघडतं. मग सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूकडे जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे चॅनेल ओळखलं. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला पुढचा भाग जास्त भावला. सर्व्हरवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आमच्याकडे अलार्म वाजतो. ती मर्यादाच कुणी खाली आणली, तर रोजच्या कामालाही तो वाजू लागेल. सुजेत असंच होतं. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं तयार होतात. त्यांचा इशारा मिळाला की मज्जापेशीतली एन्झाइम्स चॅनेलला फॉस्फेट जोडतात, आणि ते दार कमी तापमानालाच उघडू लागतं. म्हणून उन्हानं लाल झालेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देतं. वेदनेचा निरोप पुढे नेणारी काही सोडियम चॅनेलंही प्रोस्टाग्लँडिनमुळे लवकर उघडतात.

अ‍ॅस्पिरिन इथेच कामाला येते. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. अलार्मची मर्यादा त्यामुळे पुन्हा वर सरकते. पण सूज मुळात का आली, हे गोळी सांगत नाही. शिवाय अशा गोळ्या मनानं वरचेवर घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

बडोदा असो की बेळगाव, गुडघे धरून बसलेली आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. ‘हळू गं, दुखतंय’ असं ती म्हणाली, की ‘एवढ्यानं काय दुखतं?’ हे आपल्या तोंडून सहज निघतं. आपल्या निरोगी गुडघ्याला जे ‘एवढंसं’ वाटतं, ते तिच्या सुजलेल्या गुडघ्यातल्या मज्जापेशींना तसं वाटत नाही. ती नाटक करत नाही, की तिची सहनशक्तीही कमी झालेली नाही. किती दुखतंय हे तिलाच विचारा, त्यावर विश्वास ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.