राणीच्या बागेतला पेंग्विन

गावचा माणूस मुंबईला पाहुणा म्हणून गेला की एक दिवस ठरलेला असतो. पोराबाळांना घेऊन भायखळ्याला जायचे आणि राणीची बाग पाहायची. या बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे.

पूर्वी पोरे आत शिरली की हत्ती कुठे आहे म्हणून विचारीत. आता विचारतात, "पेंग्विन कुठं आहे?"

पेंग्विनसाठी तेथे काचेचे मोठे घर केले आहे. बाहेर आपल्याला घाम फुटलेला असतो. आतली हवा मात्र सोळा ते अठरा अंशांवर गार ठेवलेली असते. हवा गार करणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. हे पाहून कोणीही म्हणेल, "अहो, एवढ्याशा पाखरासाठी केवढा हा खटाटोप! बर्फातला पक्षी या उकाड्यात आणलाच कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण आधी हा पक्षी कोण, कोठला, ते पाहू.

हा बर्फातला नव्हे

पेंग्विन म्हटले की बर्फ, असे आपण समजतो. पण पेंग्विनच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांतल्या थोड्याच जाती बर्फात राहतात. राणीच्या बागेतल्या जातीचे नाव हम्बोल्ट पेंग्विन. त्याचे घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे.

हा किनारा मोठा नवलाचा आहे. जमीन वाळवंटासारखी कोरडी. पाऊस जवळजवळ नाहीच. पण शेजारचा समुद्र थंडगार! दक्षिणेकडून थंड पाण्याचा एक प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. हम्बोल्ट नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ १८०२ साली पेरूला गेले होते. त्यांनी त्या पाण्याची थंडी मोजली. म्हणून प्रवाहाला त्यांचे नाव मिळाले आणि पुढे या पेंग्विनलाही.

थंड पाण्याबरोबर समुद्राच्या तळाचा कस वर येतो. त्यावर बारीक जीव पोसतात आणि त्यांच्यावर मासळी. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली लहान मासळी तेथे अमाप होते. पेंग्विनचे पोट तिच्यावर चालते.

म्हणजे या पक्ष्याला बर्फ नको. त्याला थंड पाणी, गार हवा आणि ताजी मासळी हवी. मुंबईची हवा दमट आणि पाणी कोमट. दमट हवेत बुरशी फार. ती श्वासावाटे आत गेली तर पेंग्विनची फुप्फुसे बिघडतात. म्हणून काचेचे घर, गार हवा आणि गाळलेले पाणी.

पंख नव्हेत, वल्ही

पेंग्विन पक्षी आहे, पण उडत नाही. त्याचे पंख वल्ह्यासारखे चपटे आणि कडक असतात. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ व हलकी असतात. याची हाडे भरीव असतात. जड अंगाने खोल बुडी मारणे सोपे जाते. जमिनीवर तो डुलत डुलत चालतो आणि पोरे हसतात. पण एकदा पाण्यात शिरला की तो बाणासारखा जातो. काचेपाशी उभे राहून ते पाहावे.

हम्बोल्ट पेंग्विन उंचीला सुमारे सव्वादोन फूट असतो. वजन चार-पाच किलो. पाठ काळी, पोट पांढरे. यातही सोय आहे. वरून पाहणाऱ्याला काळी पाठ खोल पाण्यात दिसत नाही. खालून पाहणाऱ्याला पांढरे पोट उजेडात मिसळून जाते.

त्याची पिसे घराच्या कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. शेपटीजवळ तेलाची गाठ असते. चोचीने ते तेल घेऊन तो अंगभर लावतो. मग पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. साप जशी कात टाकतो, तसा पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे टाकतो. नवी पिसे येईपर्यंत दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही. रानात असेल तर तेवढे दिवस त्याला उपास. त्याआधी तो भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवतो. अशा वेळी तुम्ही गेलात तर तो झडल्यासारखा, आजारी दिसेल. तो आजारी नसतो. त्याची कात चाललेली असते.

मादी बहुधा दोन अंडी घालते. कोंबडी एकवीस दिवस उबवते. येथे सुमारे चाळीस दिवस लागतात. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. एक घरी, तर दुसरा समुद्रावर. पिल्लांना भरवण्याचे कामही दोघांचे.

खताची गोष्ट

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट ऐका.

पेरूच्या किनाऱ्यावर लहान लहान बेटे आहेत. तेथे लाखो समुद्रपक्षी राहत. पाऊस नसल्यामुळे त्यांची विष्ठा वाहून गेली नाही. शेकडो वर्षे थर साचत गेले. काही ठिकाणी त्यांचे डोंगर झाले. हे उत्तम खत आहे. त्याला ग्वानो म्हणतात. तिकडचे जुने शेतकरी ते शेतात घालीत, पण जपून.

सुमारे १८४० पासून हे खत जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागले. तिकडची शेते पिकली. काही दशकांत बेटे खरवडून निघाली. पण पेंग्विन याच ग्वानोत बीळ खणून अंडी घालीत असे. बिळात सावली होती, आडोसा होता. खत गेले आणि पेंग्विनचे घरही गेले. मग तो दगडांच्या कपारीत, नाही तर उघड्यावर अंडी घालू लागला. उघड्यावर ऊन लागते आणि दुसरे पक्षी अंडी पळवतात.

त्यात मासेमारी वाढली. पेंग्विन जाळ्यांत अडकून बुडू लागले. शिवाय एल निनो आहेच. हे नाव आता आपल्याकडेही ऐकू येते. त्या वर्षी तिकडचे पाणी गरम होते आणि मासळी दूर किंवा खोल जाते. १९८२-८३ च्या एल निनोत कितीतरी पेंग्विन उपासमारीने मेले. एल निनोच्या बऱ्याच वर्षी आपल्याकडेही पाऊस कमी पडतो. पेरूचा पक्षी आणि आपला शेतकरी एकाच समुद्राच्या लहरीवर अवलंबून आहेत. आज या पेंग्विनची जात धोक्यात आलेल्या जातींत गणली जाते.

मुंबईला आले तेव्हा

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईला आणले. ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी आजाराने मेली. लोक हळहळले. काही रागावलेही. इतका खर्च करून पक्षी जगत नसेल तर आणावाच का, असे त्यांनी विचारले. राहिलेले सात पक्षी मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे एक पिल्लू जन्मले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. ते आठवडाभरातच दगावले. मे २०२१ मध्ये जन्मलेले पिल्लू मात्र जगले. त्यानंतर आणखीही पिल्ले वाढली.

पिल्लू जगते तेव्हा त्यामागे पुष्कळांचे कष्ट असतात. पाण्याची घाण रोज काढावी लागते. साठवलेल्या मासळीचा कस कमी होतो, म्हणून जीवनसत्त्वाची गोळी मासळीच्या कल्ल्यात दडवून द्यावी लागते. कडक फरशीवर फार वेळ उभे राहून पायांना फोड येतात, म्हणून पाय तपासावे लागतात. कोण जेवला, कोण नाही, याची नोंद ठेवावी लागते.

पाहायला जाल तेव्हा

काचेवर टकटक करू नये. मोठ्याने ओरडू नये. फोटो काढताना दिवा चमकवू नये. खाऊ तर मुळीच टाकू नये. गर्दीत दोन मिनिटे पाहून पुढे पळू नये. थोडे थांबावे. कोणी पोहते आहे, कोणी तेल लावते आहे, कोणती जोडी एकमेकांची पिसे साफ करते आहे, ते पोरांना दाखवावे.

आणि पहिला प्रश्न? एवढा खटाटोप कशाला?

खर्च करावा की नाही, यावर माणसांची मते वेगवेगळी आहेत. ती राहणारच. पण काचेपुढे उभे राहिले की एक गोष्ट नीट कळते. गार हवा, स्वच्छ पाणी, ताजी मासळी आणि अंड्यांना आडोसा, हे सगळे येथे पैसे मोजून द्यावे लागते. यंत्र बंद पडले तर पक्ष्याचा जीव धोक्यात येतो. पेरूच्या किनाऱ्यावर हेच सगळे समुद्र फुकट देत होता. माणसाने ते खरवडून नेले, तेव्हा त्याची किंमत कोणी विचारली नाही.

घरी परतताना गाडीत पोरे पेंग्विनची चाल करून दाखवतील. हसा त्यांच्याबरोबर. मग त्यांना खताची गोष्टही सांगा.