संगणकावरील मराठी टंकलेखन : वर्ण, संकेत आणि कळफलक

घरच्या संगणकावर मराठी लिहिताना येणाऱ्या बहुतेक अडचणी एक तत्त्व समजले की सुटतात. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही. तो वर्ण साठवतो, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. ‘किल्ला’ या शब्दात पहिली वेलांटी ककाराच्या आधी दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र क, वेलांटी, ल, पाय मोडल्याची खूण, ल आणि काना अशी ६ चिन्हे याच क्रमाने नोंदवली जातात. त्यांतून जोडाक्षर घडवून पडद्यावर दाखवणे हे फाँट आणि प्रणाली यांचे काम आहे.

प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकास संकेतांक म्हणतात. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली तयार झाली आणि १९९१ साली तिला ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर आधारलेली होती. युनिकोडच्या मुख्य देवनागरी विभागात १२८ स्थाने असून मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी आणि संस्कृत या भाषा तीच स्थाने वापरतात. घरगुती वापराच्या संगणकांत विंडोज २००० या प्रणालीपासून ‘मंगल’ फाँटसह देवनागरीची सोय उपलब्ध झाली.

टंकलेखनाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. रेमिंग्टन पद्धतीत जुन्या टंकलेखन यंत्राप्रमाणे आकारांच्या क्रमाने लिहायचे असते, म्हणून पहिली वेलांटी आधी उमटवावी लागते. फोनेटिक पद्धतीत रोमन अक्षरांतून उच्चार लिहिला की त्याचे देवनागरी रूप मिळते. ही पद्धत लगेच जमते. परंतु न आणि ण, ल आणि ळ यांतील भेद दरवेळी तपासावा लागतो. तिसरी पद्धत इन्स्क्रिप्टची. ती थेट वर्णांच्या क्रमाने चालते.

इन्स्क्रिप्टची रचना वर्णमालेच्या शास्त्रावर उभी आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘के’च्या कळीवर क आणि ‘शिफ्ट’सह ख, ‘एल’वर त आणि ‘शिफ्ट’सह थ, अशा अल्पप्राण व महाप्राण यांच्या जोड्या आहेत. ‘एफ’वर पहिली वेलांटी, तर तिच्या वरच्या ओळीत ‘आर’वर दुसरी, ‘जी’वर पहिला उकार, तर ‘टी’वर दुसरा. ‘डी’ने व्यंजनाचा पाय मोडतो. भारतातील इतर प्रमुख लिप्यांतही समान वर्णांच्या जागा याच असल्याने ही मांडणी शिकलेल्या व्यक्तीस गुजराती किंवा बंगाली लिहिताना नवा कळफलक पाठ करावा लागत नाही.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि ‘लँग्वेज अँड रीजन’ येथे जाऊन मराठी भाषा जोडावी. त्यानंतर ‘विंडोज’ची कळ धरून ‘स्पेस बार’ दाबला की कळफलक बदलतो. कळांच्या जागा पाठ होईपर्यंत ‘विंडोज’, ‘कंट्रोल’ आणि ‘ओ’ या कळा एकत्र दाबून पडद्यावरील कळफलक समोर ठेवावा.

मराठीच्या काही गरजा विशेष आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दातील रकारासाठी इन्स्क्रिप्टमध्ये ‘शिफ्ट’सह ‘जे’, मग ‘डी’ आणि मग य असा क्रम घ्यावा. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी अ आणि अर्धचंद्र जोडून ते लिहिले जाई. ही दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकाच्या लेखी भिन्न असतात, त्यामुळे शोध घेताना एखादा शब्द सापडेनासा होतो. एका दस्तऐवजात एकच रूप वापरावे.

दुरुस्ती करतानाही हेच तत्त्व लागू पडते. ‘बॅकस्पेस’ने बहुधा एकेक चिन्ह मागे पुसले जाते, म्हणून ‘क्ष’ पूर्ण जाण्यास ती तीनदा दाबावी लागते. मोबाइलवरील साध्या लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० चिन्हे मावतात, देवनागरीतील ७०. आणि त्या मोजणीत काना, मात्रा व वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे ठरतात.

युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेले जुने लेखन अनेक घरांत आहे. त्यात रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो. पारख सोपी आहे : मजकुराची नक्कल नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठी कायम राहिली तर तो युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरे उमटली तर परिवर्तक वापरून रूपांतर करावे. त्यानंतर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात, आणि तपासणी पुरी होईपर्यंत मूळ फाईल पुसू नये.